एकहाती सांभाळलेली गाडी

सासरेबुवांनी मुलगी देताना जावयाला एकही सूचना केली नव्हती. जाताना गाडी दिली, तेव्हा मात्र सकाळी बोलायला लागले ते दुपारी डोळे मिटेपर्यंत बोलत होते.

जावई कवळ्या करायचे, म्हणून सगळे त्यांना कवळीवालेच म्हणत. लोकांच्या तोंडात दात बसवण्यात उभा जन्म गेला, पण बायकोसमोर त्यांची स्वतःची दातखीळ बसायची. त्यामुळे सासऱ्यांच्या सूचना त्यांनी निमूट ऐकल्या आणि गेली तीस वर्षं निमूट पाळल्या.

गाडी अमेरिकन होती. पेट्रोल विचार न करता जाळायच्या काळातली. दारं दोनच, पण एकेक दार असं ऐसपैस की दुसऱ्या एखाद्या गाडीची चार झाली असती. बॉनेट इतकं लांब की वळणावर गाडी आधी पोचायची आणि माणसं मागाहून. आत मखमली गाद्या, समोर लाकडी पट्टीत बसवलेलं घड्याळ. पण खरी गंमत होती दिव्यांची. पुढचे दिवे झाकणांच्या आड असायचे, पापण्यांच्या आड डोळे असावेत तसे. इंजिन चाललं की हवा ओढली जायची आणि त्या ओढीवर पापण्या मिटून राहायच्या. गाडी बरेच दिवस बंद राहिली की ओढ ओसरायची आणि एक पापणी, नेहमी डावीच, हळूहळू वर जायची. आपल्या गाडीने कुणाकडे एका डोळ्याने बघू नये, असं सासऱ्यांचं मत होतं. म्हणून दर रविवारी ती सुरू करायची, पुसायची, चकाकी आणायची आणि झोपवायची.

गॅरेज गाडीच्या मापाचं बांधलं होतं, माणसाच्या नव्हे. छताला टांगलेला टेनिसचा चेंडू काचेला टेकला की थांबायचं, आणि मग दार जेमतेम वीतभर उघडायचं. त्या वितीतून बाहेर पडता यावं म्हणून कवळीवाल्यांनी आयुष्यात पोट सुटू दिलं नाही. डॉक्टर त्यांच्या तब्येतीचं कौतुक करायचे.

त्यांचा धाकटा भाऊ समुद्रकाठी राहायचा. दरवर्षी बोलवायचा, पंधरा दिवस तरी या म्हणायचा. बायको दरवर्षी जायची. "तुम्हाला कसं जमेल? मध्ये रविवार येतो," असं सांगून जायची. निवृत्त झाल्यावर कवळीवाल्यांनी चाकांची निळी बॅग आणली आणि पलंगाखाली सरकवून ठेवली. अधूनमधून ते वाकून चाकं फिरवून बघायचे.

सुटकेचं दार उघडलं ते बायकोच्या गुडघ्यांमुळे. जिना चढवेना. डॉक्टर म्हणाले, खाली झोपा. खाली खोली एकच, आणि तीत गाडी झोपलेली. वडील की गुडघे, यावर बायकोने आठवडाभर विचार केला आणि गुडघे जिंकले. फक्त गिऱ्हाईक आपण पारखणार, एवढी तिची अट होती. 'एकहाती सांभाळलेली, उत्तम स्थितीतली' अशी जाहिरात तिनेच दिली. तो हात कुणाचा, हे जाहिरातीत नव्हतं.

पहिल्या गिऱ्हाइकाने टरबूज घ्यावं तसं बॉनेट वाजवून पाहिलं. त्याला चहा न देता पाठवलं. दुसऱ्याने, एका लिटरला किती देते, असं विचारलं.

"देत नाही. घेते," बायको म्हणाली, आणि फाटक लावून घेतलं.

कवळीवाल्यांची झोप उडाली. भावाने तर समुद्राकडची खोली रंगवून ठेवली होती.

तिसरे आले हॉटेलवाले. मोठ्या रस्त्यावर त्यांचं जुनं, नावाजलेलं हॉटेल होतं. देहाने चांगले घसघशीत. त्यांनी आत पाऊल टाकण्याआधी विचारलं, "हात लावू का?" बायको विरघळली. चहा आला, सोबत बिस्किटंही आली.

कवळीवाल्यांनी रात्रीच ठरवून ठेवलं होतं की आपण कौतुक करायचं नाही, माहिती द्यायची नाही. गाडी म्हणजे काय, एक यंत्र. कुणीही चालवावं. ते वितीतून आत शिरले, गाडी मागे घेऊन अंगणात उभी केली, इंजिन बंद करून उतरले. हॉटेलवाले चाकामागे बसले. मखमलीने एक दीर्घ सुस्कारा सोडला.

"सुरू करायची काही खास रीत आहे का, काका?"

"छे हो. किल्ली फिरवा. पोरंसोरंही करतील."

हॉटेलवाल्यांनी किल्ली फिरवली आणि सोबत पायाने पेडल मारायला लागले. एकदा, दोनदा, मग धडाधड, मोट हाकल्यासारखे. इंजिन घुसमटलं, खोकलं, बसलं. पेट्रोलचा उग्र वास सुटला. कवळीवाल्यांनी कुंपणाकडे पाहिलं. मनात समुद्र आणला. रंगवलेली खोली आणली. हॉटेलवाल्यांनी पुन्हा पेडल हाणलं. समुद्र आला तसा गेला.

"पाय काढा."

हा आवाज त्या घरात कुणीच ऐकलेला नव्हता. बायकोच्या हातातली बशी किणकिणली.

"तिला गुदमरवताय तुम्ही. पेडल पार खाली दाबा, तसंच धरा, हलवू नका. हं. आता किल्ली."

इंजिन जागं झालं. भरदार, खालच्या पट्टीतलं, अंगण हलवणारं.

कवळीवाले तिथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण तीस वर्षांत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. आता धरण फुटलं. थंड असताना पेडल एकदाच दाबून सोडायचं. मखमल एकाच दिशेने झाडायची, नाहीतर ती रुसते. पुसायला जुनं, धुऊन मऊ झालेलं फडकंच लागतं. घड्याळ मागे पडतं, त्याला रविवारी पुढे करायचं. डावी पापणी आळशी आहे, तिला आठवड्याच्या वर सोडायचं नाही. बोलता बोलता त्यांनी खिशातून फडकं काढलं आणि बॉनेटवरचा एक न दिसणारा डाग पुसायला घेतला.

हॉटेलवाले शांतपणे ऐकत होते. धंद्यातला माणूस, नोकर निवडण्यात हयात गेलेली. त्यांनी इंजिन बंद केलं आणि कवळीवाल्यांकडे न बघता बायकोला म्हणाले,

"काकू, गाडी घेतो. पण यांच्यासकट. हे नसतील तर महिन्याभरात तिची वाट लागेल."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. अडगळीतलं मोडकं कपाटही उचलतो म्हणणारा माणूस भेटावा, तसं काहीसं तिच्या चेहऱ्यावर उमटलं.

"न्या की," ती म्हणाली. "रविवार त्यांचा मोकळाच असतो."

कवळीवाल्यांनी तोंड उघडलं. दातखीळ होती तिथेच होती.

आता गाडी हॉटेलच्या दर्शनी छताखाली उभी असते. भोवती पितळी खांब आणि जाड तांबडी दोरी. दर रविवारी कवळीवाले दोरीच्या आत जातात. त्यांना हॉटेलचं चिन्ह शिवलेला कोट दिला आहे. वीतभर दाराच्या मापाने राखलेल्या अंगावर तो झकास बसला. पाहुणे फोटो काढतात. 'कृपया हात लावू नये' ही पाटी अशी उभी केली आहे की ती दोघांनाही लागू पडते.

घरी गॅरेजची खोली झाली. बायकोचे गुडघे सुधारले. इतके, की यंदा ती समुद्रावर महिनाभरासाठी गेली. निळी बॅग तिनेच नेली. पोचल्यावर फोन आला, की चाकं अगदी हलकी फिरतात, चांगली बघून घेतलीत हो.

त्या रविवारी कवळीवाले चाकामागे बसले आणि किल्लीला हात न लावता तसेच बसून राहिले. डावी पापणी अर्धी उघडली होती. त्या एका डोळ्याने गाडी फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे बघत होती. तेही बघत होते. पेट्रोल भरलेलं होतं, किल्ली हातात होती, फाटक सताड उघडं होतं. आडवी होती ती फक्त दोरी.

"काका, पाहुणे थांबलेत," हॉटेलवाले दारातून म्हणाले.

कवळीवाल्यांनी पेडल एकदाच दाबून सोडलं आणि किल्ली फिरवली. पापणी मिटली. मग त्यांनी घड्याळ पुढे केलं.