तळघराच्या छताला ठोकलेली गादी

मी एक जुनी गादी आहे. हसू नका, मित्रांनो. बाकीच्या गाद्या जमिनीवर लोळतात. मी मात्र कित्येक वर्षं छताला लटकून काढली. उलटी. वटवाघळासारखी.

जन्म जपानातल्या क्योतोचा. मास्तरच्या लग्नात नवीकोरी आले. लग्न मोडलं, बायको गेली, मी राहिले. हा मास्तर शाळेतला नव्हे बरं का. गल्लीतल्या तळघरात तो गाण्याचा अड्डा चालवायचा, आणि अशा अड्डेवाल्याला आमच्याकडे मास्तरच म्हणतात. जागा एवढीशी, की शेवटी येणाऱ्यानं श्वास जिन्यात जाऊन घ्यायचा. चिनात्सु नावाची पोरगी तिथं शामिसेन विजेला जोडून बडवायची. तीन तारांचं साधंभोळं वाद्य, पण हिच्या हातात पिसाळायचं! एक मासेवाला तर बाजारातल्या आरोळ्याच तालात गायचा. लांबलांबचे प्रवासी आवाजाचा माग काढत जिना उतरायचे आणि आ वासून ऐकायचे.

मग मिठाई आली.

वरच्या मजल्यावर मिनेयो आजी राहायच्या. गुडघे गेलेले, जिना बंद. एका सकाळी त्यांची भाची गोड वड्यांचा डबा घेऊन आली. "मावशीनं पाठवलंय," एवढंच बोलली आणि गेली.

मास्तरचा चेहराच पडला. "मेलो, चिनात्सु! आजी चिडल्यात."

"वड्या मस्त आहेत की," चिनात्सु तोंड भरून म्हणाली.

"खातेस काय, गाढवे! तक्रार आहे ती!"

आमच्या क्योतोची रीतच तशी. शेजारी इथं भांडत नाहीत. एकदम गोड वागायला लागतात. तेव्हा शहाण्यानं घाबरायचं. मास्तर घाबरला आणि त्यानं मला छताला ठोकलं.

"गादी असावी तर अशी!" म्हणून थोपटायचा. मीही फुगले. वर जाणारा आवाज सगळा गिळून टाकायचे.

थोड्या दिवसांनी पुन्हा डबा. आधीच्यापेक्षा मोठा. मास्तरनं आणखी गाद्या आणून भिंतींना ठोकल्या. पुन्हा डबा. मग दारालाही गादी. दारावरची मला सांगायची, पाठीवर पिशव्या लावलेले प्रवासी येतात, कान लावतात, "इथं काही नाही" म्हणतात आणि जातात. आत चिनात्सु रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवायची. शेवटी तीही ओसाकाला कारखान्यात गेली. मासेवाला यायचा थांबला. मास्तरनं वाद्यं विकली, दिवे विकले, आणि मला खिळ्यांतून उपटून, पालिकेच्या गाडीनं उचलावं म्हणून मोठ्या कचऱ्याचं तिकीट चिकटवून रस्त्याकडेला टाकलं.

तेवढ्यात भाचीच्या खांद्याला धरून मिनेयो आजी खाली आल्या.

"काय रे मास्तर, गाणं का बंद केलंस?"

मास्तर कमरेत वाकला. "माफ करा, आजी. इतकी वर्षं त्रास दिला तुम्हाला."

भाचीनं ते आजींच्या कानात ओरडून सांगितलं.

"त्रास? अरे मुडद्या, मी जमिनीला कान लावून पडायचे! आवडलं म्हणून मिठाई धाडली, तर आवाज कमी! म्हटलं, डबा लहान पडला असेल. मोठा धाडला, तर आणखी कमी!"

मास्तर वाकला होता, तो वाकलेलाच राहिला.

"आता तरी एखादं म्हण," आजी म्हणाल्या.

वाजवायला काही उरलंच नव्हतं. भररस्त्यात, टाळ्यांवर ठेका धरून तो गायला. डोळे मिटून. चांगलं गायला मेला.

आजींनी भाचीला कोपरानं ढोसलं. "सुरू केलं का त्यानं?"

गाणं संपायच्या आत कचऱ्याची गाडी आली.

मित्रांनो, गाणं आवडलं तर तोंडानं सांगा. जिना उतरता येत नसेल तर वरून बोंब मारा, पण सांगा. आणि शेजाऱ्यानं डबा दिला तर कशाबद्दल ते विचारा, लगेच खिळे शोधू नका. मी आपली सांगतेय. पण या गाडीचा पत्रा जाड आहे. बाहेर काही ऐकू जात असेल, असं मला वाटत नाही.