पोटातच ठरलेलं

शांभवीला पहिली शंका आली ती भावजयीच्या एका साध्या बोलण्यानं. इडल्या वाढता वाढता भामा म्हणाली, "अक्का, ह्याचा मुका घेतला की ओठांना मीठ लागतं बघ. समुद्रात बुचकळून काढल्यासारखं."

भामाचा मुलगा भरद्वाज तेव्हा तीन वर्षांचा होता. जन्मल्यापासून त्याचा खोकला सुटला नव्हता. प्रत्येक डॉक्टर न्यूमोनिया म्हणायचा, औषध द्यायचा, पंधरवड्यानं पुन्हा तेच. शांभवीच्या हातातला घास तसाच राहिला. ह्याच विषयावर ती इतकी वर्षं काम करत होती, आणि घरातल्या घरात तिला कळलं नव्हतं.

तंजावरच्या एका संशोधन संस्थेत ती बेडकाच्या भ्रूणांचा अभ्यास करायची. त्यांची कातडी माणसाच्या श्वासनलिकेच्या अस्तरासारखीच असते. काही पेशींवर बारीक केस, सारखे हलणारे. काही पेशी चिकट द्रव सोडतात. आणि मधेमधे छोट्या पेशी, ज्या मिठाचे कण आतबाहेर नेतात. मिठामागे पाणी येतं, चिकटा पातळ राहतो, केस त्याला पुढे ढकलतात. मिठाची ती वाट बंद पडली तर सगळं जागच्या जागी तुंबतं.

चेन्नईच्या मोठ्या दवाखान्यात तेच निघालं: भरद्वाजच्या शरीरात मिठाची वाटच बंद होती. दोष आईबापांकडून, दोघांकडूनही, आला होता. ह्या आजारावर नव्या गोळ्या निघाल्या होत्या, पण ही वाट ज्या प्रथिनाची असते ते अर्धवट बनलेलं असेल तरच त्या त्याला सावरतात. भरद्वाजच्या शरीरात ते बनतच नव्हतं.

भरद्वाजच्या बापानं, शांभवीच्या भावानं, सांबशिवानं हार मानली नाही. बँकेत जाण्याआधी रोज तो मुलाला मांडीवर पालथा घालून पाठीवर थापट्या मारायचा. "दहा वर्षांत काहीतरी निघेल," म्हणायचा, "आपण तोवर त्याला सांभाळू."

भामाची आशा मात्र नणंदेवर होती. "तू बेडकाच्या पिल्लांची वाट बंद करतेस, आणि परत उघडतेस ना? मग?"

शांभवीनं खरंच तो प्रयोग लावला होता. वाट बंद करायची, आणि वेगवेगळ्या वेळी पुन्हा उघडायची. लवकर उघडली तर कातडी नीट घडायची. उशिरा उघडली तर मीठ वाहायचं, पण केसांच्या पेशी आधीच थोड्या आणि वाकड्यातिकड्या झालेल्या असायच्या. त्या पुन्हा घडत नव्हत्या. ती तीनदा, चारदा करून बघत राहिली. उत्तर बदललं नाही.

एका दुपारी भामा शाळेतलं शिकवणं आटोपून थेट प्रयोगशाळेत आली. "मला दाखव."

शांभवीनं टाळायला हवं होतं. तिनं दाखवलं. पहिल्या काचेवर रंगाचे कण कातडीवरून सरळ वाहत गेले. दुसऱ्या काचेवर ते थरथरत एकाच जागी राहिले.

"हे कुठलं?"

"उशिरा उघडलेलं."

भामानं सूक्ष्मदर्शकाला पुन्हा डोळा लावला. "म्हणजे भरद्वाजचं पोटातच ठरलं."

"हे बेडकाचं आहे, भामा. माणसात सगळंच असं होतं म्हणून—"

"सरि, सरि, कळलं. तुझ्या भावाला सांगू नकोस."

पावसाळ्याच्या शेवटी, सहा वर्षांचा असताना, भरद्वाज गेला. शेवटच्या आठवड्यात त्याला बोलायलाही दम पुरत नव्हता. आत्या आली की तो फक्त बोटं हलवायचा.

तेराव्यानंतर भामानं शाळेत राजीनामा दिला. कारण कुणालाच कळेना. शेवटी ती शांभवीजवळ बोलली. कालव्याच्या बाजूचा रस्ता भरद्वाजच्या वेळी उखडलेला होता. गरोदर असताना सातव्या महिन्यापर्यंत ती त्या रस्त्यानं बसमधून ओरत्तनाडूच्या शाळेत शिकवायला जायची. "पोटातच बिघडलं ना? मग मीच हादरे दिले."

"बसनं असं होत नाही. तुम्हा दोघांच्या रक्तातच ते होतं. तू घरी बसून राहिली असतीस तरी झालं असतं."

"तूच दाखवलंस, अक्का."

शांभवीनं तिला चित्रं काढून समजावलं. डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं. सांबशिवही रडत म्हणाला, की दोष त्याचाही तितकाच आहे. भामा सगळं ऐकून घ्यायची, मान डोलवायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या रस्त्याचंच बोलायची. काही महिन्यांनी ती तिरुवैयारूला माहेरी गेली, आणि तिथेच राहिली.

शांभवीचा शोधनिबंध छापून आला. तिच्या कामाचं कौतुक झालं. एका रविवारी ती भामाला भेटायला गेली, तेव्हा भामा ओसरीवर वाती वळत बसली होती. तिनं कॉफी दिली, प्रकृती विचारली, सांबशिवाच्या जेवणाचं विचारलं. मग शांभवी उठेपर्यंत ती पुन्हा वातीच वळत राहिली.