सालोमी मावशीचा हळू आवाज

भुईगावात फ्रेडरिकच्या बैठकीच्या खोलीत बोलायला बंदी होती. चहा मिळे, बागेतली केळी मिळत, पण गाणं लागलं की तोंड मिटायचं, नाहीतर उठून ओट्यावर जायचं. गाव म्हणे, कुवेतच्या उन्हानं याचं डोकं फिरलंय. खरं तर ते वेड तो इथूनच घेऊन गेला होता. नव्वद साली युद्ध पेटल्यावर लोक कुवेतहून जीव घेऊन पळाले, तेव्हा कुणी अंगावर सोनं आणलं, कुणी गालिचा. फ्रेडरिकच्या पिशवीतून दोन शर्ट आणि कापडात गुंडाळलेला एक जर्मन हेडफोन निघाला. त्याची बायको रेजिना त्यानंतर कितीतरी दिवस त्याच्याशी धड बोलली नव्हती.

पुढे तो वालीवच्या एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागला. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातानं अ‍ॅम्प्लिफायर जोडला, सुताराकडून सागवानी स्पीकर करून घेतले, आणि मग रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपली की हा माणूस जेवणापर्यंत कुणाचा नसे.

दोन हजार तीनच्या सुमाराला अंधेरीच्या एका म्युझिक कंपनीला गावच्या बायकांच्या लग्नगीतांचा पत्ता लागला. कंपनीचा मालक भूपेश, तिशीतला, हुशार, गोड बोलणारा. तो स्वतः गाडी घेऊन आला आणि सालोमी मावशी, क्लेमेंटीन आणि आणखी पाच-सहा जणींना स्टुडिओत घेऊन गेला. गावात आवाजातलं कळणारा एकच माणूस, म्हणून फ्रेडरिकलाही बरोबर घेतलं.

त्यांचं शेवटचं गाणं मुलीच्या पाठवणीचं होतं. सुरुवातीला सगळ्याजणी गातात, मडक्याला कातडं लावलेला घुमट दणाणतो. मग मुलगी उंबरा ओलांडते आणि एकेक आवाज गळत जातो. घुमट थांबतो. शेवटी उरते एकटी आई, म्हणजे सालोमी मावशी. सत्तरी उलटलेली, भातशेतीत आणि वाडीत राबून राबून वाकलेली. तिचा तो शेवटचा आवाज इतका बारीक होत जाई की ऐकणारा आपोआप पुढे झुकायचा. स्टुडिओतही तसंच झालं. काचेपलीकडे बसलेल्या भूपेशनं हातातला कप खाली ठेवला. घरी येताना फ्रेडरिक क्लेमेंटीनला म्हणाला, "ही सीडी निघू दे. मग मेलो तरी चालेल."

काही महिन्यांनी भूपेशनं फोन करून सांगितलं की सीडी तयार होतेय, आणि आखातात जाणाऱ्या एका विमान कंपनीनं पाठवणीचं गाणं विमानात वाजवायला घेतलंय. गावात पेढे वाटले गेले. फ्रेडरिकची मुलगी रीमा मस्कतला होती आणि तिच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. त्यानं मुद्दाम त्याच विमानाचं तिकीट काढलं. रेजिना रीमाच्या घरासाठी बागेतल्या केळ्यांची सुकेळी आणि लोणची बांधत होती, हा आपला हेडफोन पुसत होता.

विमान वर गेलं आणि पहिला अपशकुन झाला. त्याच्या हेडफोनची पिन खुर्चीच्या हातातल्या भोकात जाईना. तिथं दोन भोकं होती. हवाई सुंदरीनं प्लास्टिकच्या पिशवीतून विमानाचा हेडफोन आणून दिला. कागदासारखा हलका, कानाला खरखरीत स्पंज.

"एकाच कानात येतंय," फ्रेडरिक म्हणाला.

तिनं दुसरा दिला. त्यात दोन्ही कानांत आलं, पण माशा घोंघावल्यासारखं. इंजिनाच्या घरघरीवर मात करायला त्यानं आवाज वाढवला आणि चॅनेल फिरवत फिरवत गावचं गाणं पकडलं. बायका गायल्या, घुमट वाजला. वाजला म्हणजे कुणीतरी पत्रा बडवावा तसा वाजला. ठीक आहे, हेडफोन भिकार आहे, तो मनाशी म्हणाला. आता मावशी येईल. मावशी आली आणि तो दचकलाच. सगळ्या बायकांचा मिळून जेवढा आवाज होता, तेवढाच तिचा एकटीचा होता. तिचा श्वाससुद्धा कानात फाटत होता. मुलगी उंबऱ्यापलीकडे गेली होती आणि आई तिच्यामागून लाऊडस्पीकरवर बोलत होती.

"काय झालं?" रेजिनानं विचारलं, कारण त्यानं हेडफोन उपटून मांडीवर टाकला होता.

"मारून टाकलं गं मावशीला."

रेजिनानं तोच हेडफोन कानाला लावला. "चांगलं तर ऐकू येतंय."

"तेच तर!"

दोष विमानाचा असेल, अशी एक आशा उरली होती. मस्कतला पोचल्यावर तीही संपली. भूपेशनं रीमाच्या पत्त्यावर सीडी पाठवली होती आणि जावयाकडे उत्तम सिस्टिम होती. फ्रेडरिकनं पाहुण्यांच्या गर्दीत ती लावली. तोच पत्रा, तोच गळा काढलेला आवाज. विमान बिचारं अर्धंच गुन्हेगार होतं. कंपनीनं हळू जागा ओढून वर आणल्या होत्या, मोठ्या जागा छताला नेऊन टेकवल्या होत्या, आणि दोन्हींच्या मधला सगळा जिना काढून टाकला होता.

परत आल्यावर तो घरी न थांबता अंधेरी गाठून भूपेशसमोर उभा राहिला.

भूपेश चिडला नाही. त्यानं थंड पेय मागवलं. "अंकल, तुमचं बरोबर आहे. पण लोक कुठं ऐकतात? रिक्षात, गाडीत, दुकानात. आधीचं गाणं मोठ्यानं वाजलं आणि आपलं हळू आलं, तर लोक म्हणतात, रेकॉर्डिंगच खराब आहे. आज सगळे असंच करतात. बाजारात कुजबुजणाऱ्याला कोण विचारतो?"

"ते बाजारात गायलेलं नाही. लग्नघरात गायलेलं आहे."

"विकायचं बाजारातच ना?"

"मग आवाजाचं बटण कशाला असतं? ज्याला मोठं हवं, तो वाढवील. तू त्याच्या घरात शिरून बटण का फिरवतोस?"

भूपेश हसला. माल छापून झाला होता, आणि गावच्या सणाला मैदानावर प्रकाशनाचा कार्यक्रम ठरला होता. "तुम्ही स्टेजवर या, तुमचाही सत्कार करू," तो म्हणाला. फ्रेडरिक पेयाला हात न लावता जिना उतरला.

गावात त्याचं ऐकणारं कुणी नव्हतं. बायका खुशीत होत्या. लाल लुगड्यांतला त्यांचा फोटो सीडीवर झळकला होता. क्लेमेंटीन म्हणाली, "फ्रेडी, आमचं नाव विमानात गेलं आणि तुला आवाजाची पडलीय!" रेजिनानंही बजावलं, "सणाच्या तोंडावर विघ्न नको." तो गप्प बसलाही असता. पण ज्या बाईचा आवाज होता तिनं सीडी अजून ऐकलीच नव्हती. तिच्याकडे यंत्रच नव्हतं.

त्यानं सालोमी मावशीला घरी आणलं आणि खुर्चीत बसवलं. आधी काहीच सांगितलं नाही. गाणं लावलं आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभा राहिला.

मावशीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग पदरानं तोंड पुसलं.

"ही कोन?"

"तूच गं, मावशी."

"मी नाय. मी अशी बोंबलत नाय गायली कधी. पोर सासरी चाललीय, तिच्या अंगावर कोन आई ओरडंल?" तिनं स्पीकरकडे बोट केलं. "ह्ये लोकांना ऐकवनार?"

"सणाला. मैदानात. सगळ्या गावापुढं."

"बघूया," मावशी म्हणाली आणि काठी शोधू लागली.

सणाच्या दिवशी मिस्सेनंतर मैदान भरलं. मांडवाच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच स्पीकर रचले होते आणि मागे जनरेटर धडधडत होता. फादरांनी फीत कापली, भूपेशनं भाषण केलं आणि इशारा दिला. गाणं सुरू झालं तसं पुढच्या रांगेतल्या बायकांनी लहान मुलांचे कान झाकले. झाडावरचे कावळे उडाले. लोक मात्र खूश होऊन टाळ्या वाजवू लागले.

मावशीचा भाग आला आणि स्टेजवरच्या खुर्चीतून मावशी उठली. वाकलेली म्हातारी माईकपर्यंत गेली आणि म्हणाली, "बंद कर रं त्ये."

भूपेशला वाटलं, सत्काराबद्दल काही असेल. तो वाकून म्हणाला, "आजी, गाणं होऊ द्या ना."

"गानं होऊ दे म्हनूनच सांगते, बंद कर. मेलेली नाय मी. हाय इथं. मी गाते."

सीडी थांबली. तिनं माईक हातानं बाजूला सारला आणि गायला लागली. पण ऐकू काय येणार? जनरेटरची धडधड तिच्या डोक्यावरून चालली होती. मागून कुणी ओरडलं, "माईक घ्या!" कुणी हसलं. मावशी गातच राहिली, ओठ हलत होते.

मग फ्रेडरिक मांडवामागे गेला. मांडववाला विडी ओढत बसला होता. त्याला काही कळायच्या आत फ्रेडरिकनं जनरेटर बंद केला आणि त्यालाच पाठ टेकून उभा राहिला.

पंखे थांबले, स्पीकर मेले. भूपेश धावत आला. "अंकल, वेडे झालात? सगळा कार्यक्रम बुडवलात!"

"हळू बोल. गाणं चाललंय."

"चालू करा आधी ते!"

"मला हलवून चालू कर."

भूपेशनं त्याचा दंड धरला. फ्रेडरिक हलला नाही. मांडववाला विडी तशीच हातात धरून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. पलीकडून मात्र आता आवाज येत होता. बारीक, पण सबंध. मागचे लोक खुर्च्या सोडून पुढे सरकले होते आणि स्टेजभोवती दाटीवाटीनं उभे होते. क्लेमेंटीन उठून मावशीजवळ गेली. तिनं पुढची ओळ उचलली नाही, कारण त्या जागी मावशीनं एकटीनंच गायचं असतं. ती नुसती हात धरून उभी राहिली. शेवटच्या ओळीला तर मैदानाकडेच्या सुरूंची वाऱ्यातली सळसळ तिच्यापेक्षा मोठी वाटत होती. भूपेशचा हात फ्रेडरिकच्या दंडावरून कधी सुटला, ते दोघांनाही कळलं नाही.

गाणं संपल्यावर भूपेश पहिल्यांदा रागानं बोलला. "यानं सीडी बदलणार नाही, अंकल. दुकानात तीच जाणार."

"जाऊ दे. पण स्टुडिओत गायलेलं जसंच्या तसं तुझ्याकडे असेल ना? ते आम्हाला दे. आमचा आवाज आहे."

"घेऊन जा तुमची कुजबुज," तो म्हणाला. आणि खरंच, आठवड्यानं त्यानं ती माणसाबरोबर पाठवून दिली.

कंपनीची सीडी धडाक्यात खपली. विमानातही तीच वाजत राहिली. फ्रेडरिकनं घरी मूळ गाण्याच्या सीड्या आणि कॅसेटी भरल्या. वेष्टनावर रेजिनाच्या सुरेख अक्षरात एकच ओळ होती: 'हळू वाटलं तर आवाज वाढवा. तेवढे कष्ट घ्या.' त्या मुंगीच्या पावलानं गेल्या, आणि ज्यांनी नेल्या त्यांतले निम्मे तक्रार घेऊन परत आले. एकाला वाटलं कॅसेट खराब आहे, दुसऱ्याला वाटलं आपला टेप. फ्रेडरिक प्रत्येकाला खोलीत बसवायचा, ऐकवायचा आणि तीच कॅसेट परत हातात द्यायचा. बदलून मात्र एकालाही दिली नाही.

एकदा एव्हरशाईन सिटीतला एक रिक्षावाला थेट भुईगावपर्यंत आला. "अंकल, मावशीचं कायपण ऐकू येत नाय. इंजिनमध्ये सगळं गायब."

"इंजिन बंद कर."

"मग धंदा कसा करू?"

"धंदा कर ना. गाणं नंतर ऐक. ती काय पळून चाललीय?"

रिक्षावाला वैतागून बाहेर गेला. फ्रेडरिक ओट्यावर आला तेव्हा रिक्षा अजून फाटकाशीच उभी होती, इंजिन बंद. रिक्षावाला मागच्या सीटवर बसला होता, डोकं स्पीकरकडे झुकवून. रेजिना काहीतरी विचारायला बाहेर आली, तसं फ्रेडरिकनं ओठांवर बोट ठेवलं.