म्हातारीचे मणके

संग्रहालयाच्या तळघरात हाडं साफ करणाऱ्या कारागिराला सगळे भुयारी काका म्हणत. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. सोबत म्हणाल तर टेबलावर मांडलेला, वासराएवढ्या, पाला खाणाऱ्या एका डायनासोरचा सांगाडा. त्याला तो म्हातारी म्हणे. डबा खाताना गुडघेदुखीपासून घरमालकापर्यंत सगळी गाऱ्हाणी तिच्यापुढे घाली. ती मधे तोंड घालत नसे, हा तिचा मोठाच गुण.

म्हातारी म्हणायला आधार होता. पिल्लाच्या मणक्यात खालचा गोळा आणि वरची कमान सुटी असतात, मधे रेघ दिसते. वय झालं की ती भरून येते. हिचे मणके एकसंध होते. म्हणजे वाढ पुरी झालेली, तरी एवढीशीच. त्यावरून वरच्या मजल्यावरच्या संशोधक बाईंनी बावीस वर्षांपूर्वी तिची वेगळी जात ठरवली. संग्रहालयाला मिरवायला तेवढंच होतं.

निवृत्तीला आठ दिवस उरले असताना पाठीचा एक मणका काकाच्या हातून निसटला आणि बरोबर त्या रेघेवर दुभंगला. आत पांढरं प्लास्टर. नवशिका असताना त्यानेच भेग समजून ते भरलं होतं, वरून रंगही मारला होता. त्याने सुईने बाकीचे मणके टोकरले. सगळीकडे तेच. ही वेगळी जात नव्हतीच. ओळखीच्या, हत्तीएवढ्या जातीचं पिल्लू होतं.

डिंक लावला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्याने बाटली उघडलीही. पण म्हातारीशी तो आजवर कधी खोटं बोलला नव्हता.

बाईंनी मणका बराच वेळ उलटसुलट पाहिला. त्यांचं अर्धं आयुष्य त्या जातीत गेलं होतं.

"आणखी कुणाला दाखवलंत?"

"नाही बाई. चूक माझी आहे."

"छापलं मी. मागे मीच घेईन. तुम्ही बाकीचे मणके मोकळे करा."

त्याने सगळं प्लास्टर काढलं. दुपारी डबा उघडला आणि सवयीने गुडघ्याचं सुरू केलं, ते अर्ध्यावरच थांबवलं. एवढ्याशा लेकराला काय सांगायचं?

इतक्या वर्षांत त्या तळघरात तो पहिल्यांदाच एकटा जेवला.