माझ्या तोंडची खोटी साक्ष

मी शिक्षकांच्या खोलीतला लॅपटॉप बोलतोय. रागानं बोलतोय, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मध्येच आवाज चढला तर दचकू नका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात, हातमोजे घातलेल्या बायकांच्या हाताखाली झाला. ते फारसं आठवत नाही. आठवतं ते शाळेतलं पहिलं वर्ष. माझ्यावर हजेरी भरायचे, प्रश्नपत्रिका टाइप करायचे, मधल्या सुट्टीत गुपचूप मॅचचा स्कोअर बघायचे. एका सरांनी माझ्यावर चहा सांडला, तेव्हापासून माझं 'ळ'चं बटण रुसलंय. वेळापत्रक टाइप करणारा दर वेळी माझ्या नावानं बोटं मोडतो. पण ते दिवस सुखाचे होते. कुणी मला शहाणा समजत नव्हतं.

मग माझ्या पडद्यावर तो एआय आला. प्रश्न टाका, उत्तर घ्या. बुद्धी त्याची, बटणं माझी. पण शाळेत कुणालाच हा फरक कळेना. "लॅपटॉपला विचारा," असंच सगळे म्हणू लागले.

भाषेच्या बाईंनी त्याला नीट कामाला लावलं. आठवीतल्या एका मुलाला वाचायला वेळ लागायचा. त्याच्यासाठी बाई तोच धडा सोप्या वाक्यांत करून घेत. घेत, आणि मग तो छापून पेन्सिल घेऊन बसत. "हे चुकलं, हे उगाच गोड केलं," असं पुटपुटत अर्धं खोडून टाकत. मुलांची नावं तर त्यांनी एआयला कधीच सांगितली नाहीत. मला त्यांचा धाक वाटायचा आणि तो बरा वाटायचा.

मोठ्या सरांची, म्हणजे मुख्याध्यापकांची तऱ्हा वेगळी. त्यांनी बेचाळीस मुलांच्या प्रगतिपुस्तकांतले शेरे एका दमात लिहून घेतले आणि न वाचताच छापले. पाय मोडून तीन महिने घरी पडून असलेल्या मुलाला 'उपस्थिती नियमित, खेळात विशेष रुची' असा शेरा मिळाला. त्याच्या आईनं तो वाचला तेव्हा तिचा चेहरा कसा झाला असेल, याचा मी आजही विचार करतो. सर मात्र खूश. "बघा, किती वेळ वाचला!"

त्या वाचलेल्या वेळात त्यांनी काय केलं, तेच सांगायचंय.

आठवीत एक मुलगी होती. वर्गात तिला रेडिओ म्हणत, कारण तिचं तोंड बंद म्हणून नसायचं. तिचे बाबा शिलाई मशीन दुरुस्त करतात. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही. बापलेक हातांच्या खुणांनी बोलतात. आंतरशालेय निबंध स्पर्धेसाठी तिनं बाबांवर लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: 'माझे बाबा मशीनवर तळहात ठेवतात आणि आम्हाला जे ऐकू येत नाही ते त्यांना कळतं.'

बाईंनी ते वाचून चष्मा पुसला. मोठ्या सरांनी ते वाचून भुवया उंचावल्या.

"आठवीतली मुलगी असं लिहीलच कशी?" असं म्हणून त्यांनी तो निबंध माझ्यात टाइप केला आणि एआयला विचारलं, हे तू लिहिलंस का? त्या पठ्ठ्यानं बिनदिक्कत उत्तर दिलं: 'होय, हा मजकूर माझ्यासारख्या साधनानं लिहिलेला दिसतो.' माझ्याच पडद्यावर! मला त्या क्षणी बंद पडायचं होतं. एरवी दिवसातून दोनदा अडकणारा मी, त्या दिवशी मेलं काहीच अडकलं नाही.

निबंध पाठवायची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत होती. सरांनी निबंध अडवला आणि सकाळी बाबांना बोलावून घेतलं.

हातातलं काम संपवून ते साडेअकराला आले, बोटांना मशीनचं तेल लागलेलं. सरांच्या टेबलावर मी उघडा. पलीकडे बाई उभ्या. बाबांना सरांचं बोलणं सांगायला खोलीत दुसरं कोणीच नव्हतं. ते काम रेडिओलाच करावं लागलं. आपल्यावरचा आळ आपणच, आपल्याच हातांनी, आपल्या बापाला सांगायचा!

"यांना सांग, तू निबंध चोरलायस," सर म्हणाले.

तिचे हात हवेत थांबले. बाबांनी खूण करून विचारलं, काय म्हणतात? तिनं सांगितलं. एक शब्दही मऊ केला नाही. बाबांनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जवळ येऊन माझ्या पाठीवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि लेकीला काहीतरी सांगितलं.

"बाबा म्हणतात, याचा पंखा आत घासतोय. साफ करून घ्या, नाहीतर जळेल."

"विषय काय चाललाय आणि हे काय!" सर कडाडले.

पण बाईंच्या डोळ्यांत चमक आली. निबंधातलं ते वाक्यच समोर घडलं होतं. महिनाभर माझा पंखा घासत होता आणि इतक्या कान असलेल्या माणसांत एकालाही पत्ता नव्हता. बाई कपाटाकडे गेल्या, शाळेचा बावीस वर्षांपूर्वीचा वार्षिक अंक काढला आणि त्यातले दोन परिच्छेद भराभर टाइप केले. खाली तोच प्रश्न: हे तू लिहिलंस का?

'होय, हा मजकूर माझ्यासारख्या साधनानं लिहिलेला दिसतो.'

बाईंनी अंक फिरवून सरांपुढे ठेवला. लेखाखाली सरांचंच नाव होतं. नव्यानं नोकरीला लागले तेव्हाचा लेख.

"तेव्हा हा जन्माला तरी आला होता का, सर?"

सरांनी अंक मिटला. "ठीक आहे. यांना सांग, गैरसमज झाला."

रेडिओनं हात पाठीमागे नेले.

"सांग ना."

"आमच्या घरी गैरसमजाला खूण नाही, सर. चुकीला आहे."

"बरं बाई, चूक झाली म्हण."

"कोणाची? खुणेत ते पण सांगावं लागतं."

सर बाईंकडे बघू लागले. बाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"माझी," सर म्हणाले. तेव्हा कुठे तिचे हात पुढे आले.

पण यात सव्वाबारा वाजून गेले होते. निबंध गेला नाही तो नाहीच. माझा खरा राग तर त्याच्याही पुढचा आहे. पुढच्या महिन्यात तिनं जो निबंध दिला तो वाचून बाईंनी तिला बोलावलं. वाक्यं मोडकी, शुद्धलेखन मुद्दाम बिघडवलेलं.

"हे काय गं? तुला 'आशीर्वाद' लिहिता येत नाही?"

"येतो, बाई. पण चांगलं लिहिलं की मशीनचं म्हणतात."

बाई खुर्चीत बसल्या त्या तास संपेपर्यंत उठल्या नाहीत. एका मुलीनं स्वतःला वाईट लिहायला शिकवलं! हे पाप कुणाच्या माथी मारायचं? माझ्या? मी तर पत्र्याचा आणि काचेचा.

हल्ली बाई मला आठवड्यातून एकदा वर्गात नेतात. भिंतीवर माझा पडदा मोठा करून दाखवतात, एआयकडून एक उतारा लिहून घेतात आणि मुलांना म्हणतात, "धरा याच्या चुका." परवा त्यानं शिलाई मशीनवर लिहिलं. रेडिओ मागच्या बाकावरून ओरडली, "सुईचं भोक वर नसतं, टोकाशी असतं! यानं मशीन कधी उघडून तरी पाहिलंय का?" वर्ग खो खो हसला. निबंधाचा कच्चा खर्डा आता सगळे वर्गातच लिहितात आणि बाई प्रत्येकाशेजारी बसून विचारतात, हे तुला कसं सुचलं? रेडिओ अजून जपूनच लिहिते. एखादं चांगलं वाक्य उतरतं, मग ती इकडेतिकडे बघते. कधी ठेवते, कधी खोडते.

मी आता म्हातारा झालोय. बॅटरी तासभरही टिकत नाही, लवकरच अडगळीत जाईन. माझ्या जागी नवा येईल, माझ्याहून चुरचुरीत बोलणारा. गुरुजन हो, त्याला जरूर राबवा. त्याच्याकडून उतारे घ्या, प्रश्न घ्या, सोपे धडे घ्या आणि ते तपासून घ्या. पण लेकराच्या खरेपणाचा निवाडा त्याच्याकडे मागू नका. तो विचाराल त्याला हो म्हणेल. त्याला लाज नाही, आणि लेकरू तुमच्यासमोर उभं आहे. लेकरालाच विचारा.