पेटी चुकली की पेटली

ते साल एकोणीसशे नव्याण्णव. आमच्या समोरच्या दुकानापुढे सकाळी दहालाच रस्ता अडायचा. टॅक्सीवाले, शाळा बुडवलेली पोरं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बाया, सगळे टाचा उंचावून आत बघायचे. आतून असा घुमारा यायचा की आमच्याकडचे स्क्रू ताटलीत नाचायचे. मी काउंटरमागे उभी राहून दात आवळायची. कारण ते दुकान माझ्या धाकट्या दिराचं होतं, आणि तिथे फिरत्या खुर्चीत बसून लोकांकडून ‘मॅडम, मॅडम’ ऐकणारी ती माझी धाकटी जाऊ होती.

गर्दीच्या मधोमध नादगुरू. मनगटभर दोरे, डोळ्यांवर काळा चष्मा, आवाज लोण्यासारखा. पुढ्यातल्या टेबलावर काळ्या कापडानं मढवलेल्या दोन सारख्या पेट्या. प्रत्येकीत एकेक सबवूफर, म्हणजे गाडीच्या डिकीत बसवतात तो घुमणारा मोठा स्पीकर.

“नाद म्हणजे प्राण, मंडळी! प्राणाला कुणी फूटपट्टीनं मोजतं का?” हात आमच्या दुकानाकडे. “ते म्हणतात मापाची पेटी करा, फिल्टर लावा. अहो, फिल्टर म्हणजे नादाच्या गळ्याला फास! सोडवा त्याला! माझं नादकवच वायरीला बांधा. मग स्पीकर जळला, तर मिशी उतरवीन!”

नादगुरूला मिशी नव्हती. पण ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

कवच म्हणजे लाखेनं बंद केलेली, आगपेटीएवढी काळी डबी. ती एका पेटीच्या वायरीला बांधायची, दुसरीला नाही. मग दोन्हींतून एकच खोल सूर सोडायचा. पाच मिनिटांत बिनकवचाचा स्पीकर खडखडायचा, जळका वास सोडायचा आणि कायमचा गप्प व्हायचा. कवचवाला घुमतच राहायचा. टाळ्या, शिट्ट्या, आणि कवच घ्यायला रांग.

आमचा धंदाही तोच, गाड्यांत टेप आणि स्पीकर बसवायचा. ह्यांनी वायरिंग करायचं, मी पेट्या. हो, करवत मी चालवायची. स्पीकरचा पडदा मागे-पुढे हलतो तेव्हा आवाज होतो. सूर फार खोल असला, इतका की कानाला नीट ऐकूही येत नाही, की पडदा वेड्यासारखा उसळतो, आपटतो आणि आतली गुंडाळी जळते. त्याला दोघं आवरतात. अँप्लिफायरमधला फिल्टर ते सूर दारातच अडवतो. आणि बंद पेटीतली कोंडलेली हवा पडद्याला मागून उशीसारखी धरते. कुठल्या स्पीकरला केवढी हवा हवी याचं माप ठरलेलं असतं. आमच्या भिंतीवर ह्यांनी खडूनं लिहून ठेवलं होतं: ‘पेटी चुकली की पेटली.’

आणि ते माप मी ज्वारीनं घ्यायची. पेटी तयार झाली की स्पीकरच्या भोकातून लिटरच्या मापानं ज्वारी ओतायची. तीस मापं बसली की तीस लिटरची पेटी. आकडेमोड चुकेल, ज्वारी नाही चुकत. ते पोतं खास त्यासाठीच होतं. त्यात इतका भुसा मिसळला होता की कबुतरंसुद्धा दोन दाणे टिपून नाराजीनं निघून जायची.

आता खरं सांगते. मला नादगुरूचा राग नव्हता. जावेचा होता. माझ्या केसांत भुसा, तिच्या केसांना शाम्पूचा वास. लग्नात तिला माझ्यापेक्षा जड बांगड्या घातल्या, हा संशयसुद्धा मी नऊ वर्षं लोणच्यासारखा मुरवला होता. त्यात एकदा जेवताना हे म्हणाले, “काही म्हण, गिऱ्हाइकाशी बोलावं तर तिनं.” मी ताट सरकवून उठले.

दोन महिन्यांत आमच्याकडे माशा मारायची पाळी आली. अशात एक दिवस आमचं जुनं गिऱ्हाईक, एक दांडगा टॅक्सीवाला, फाटका सबवूफर बगलेत मारून आला.

“वहिनी, बघा हो. तुमची पेटी काढून टाकली, फिल्टर बंद केला, कवच बांधलं. आठ दिवसांत बोंबललं.”

“मग मिशी उतरवली का त्यांनी?”

“म्हणाले, गाडीत कुणी संशयी माणूस बसला असेल. मी म्हटलं, महाराज, टॅक्सी आहे. प्रवासी काय पारखून घेऊ?”

मी हसले. हे हसले नाहीत. पक्कड खाली ठेवून म्हणाले, “उद्यापासून आपणही कवच ठेवू. धाकट्याशी बोललोय.”

“आणि भिंतीवरचं?”

“पुसून टाक.”

वीस वर्षं ज्या वाक्यावर आम्ही उभे होतो, ते हा माणूस मला पुसायला सांगत होता. आणि कवचं आणायची कुणाकडून? तिच्याकडून! मी फडकं घेतलं नाही.

सकाळी हे रस्ता ओलांडून गेले. मागोमाग मी, आणि माझ्यामागे खांद्यावर ज्वारीचं पोतं घेतलेला टॅक्सीवाला. जाऊ खुर्चीतून उठली. “या वहिनी! दळण टाकायला निघालात वाटतं?”

“हो. दळायचंच आहे,” मी म्हटलं.

नादगुरूंचं नेहमीचं सुरू झालं. एका वायरीला कवच बांधून झालं तशी मी मोठ्यानं म्हटलं, “महाराज, आज कवच त्या दुसऱ्या पेटीला बांधा ना.”

“अं?”

“पेट्या सारख्याच आहेत ना? मग कुठेही बांधलं तरी काय फरक पडतो?”

“नादाला दिशा असते, माई. उजवीकडे प्राण, डावीकडे—”

“मग पेट्या फिरवून ठेवू,” टॅक्सीवाला म्हणाला. दोन ढांगांत पुढे होऊन त्यानं कवच सोडलं आणि दुसऱ्या वायरीला बांधलंसुद्धा. गर्दीला नवा खेळ हवाच होता. “लावा, लावा!” लोक ओरडले. दिरानं बिचाऱ्यानं भाबडेपणानं बटण दाबलं.

पाच मिनिटं. कवच बांधलेला स्पीकर खडखडला, त्यातून धूर निघाला, तो गप्प झाला. बिनकवचाचा मजेत घुमत होता.

 नादगुरूनं चष्मा काढला आणि बोट माझ्यावर रोखलं. “पाहिलंत? मत्सर! ही बाई जळते! हिच्या जळण्यानं कवच जळलं!”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. ह्यांचीसुद्धा. माझे कान तापले, कारण माणूस खरं बोलत होता. जावेकडे पाहिलं तर ती हसू दाबत होती.

“जळते,” मी म्हटलं. “रोज जळते. पण ज्वारी जळत नाही. दोन स्टुलं द्या.”

घुमारा बंद झाला, नुसती माणसांची कुजबुज उरली. पहिल्या पेटीतला स्पीकर काढला, पेटी दोन स्टुलांवर उताणी ठेवली आणि मी माप ओतू लागले. गर्दी मोठ्यानं मोजू लागली. एकोणतीस, तीस. काठोकाठ. दाणा सांडला नाही.

मग दुसरी, जिचा स्पीकर रोज मरायचा ती. ती स्टुलांवर ठेवली तशी जाऊ घाईघाईनं म्हणाली, “वहिनी, राहू द्या ना. फरशीभर सांडेल.”

“पहिलीतून कुठे सांडली?”

मी ओतू लागले. सात, आठ, नऊ. बारावं माप पडलं तसं पेटीखालचं काळं कापड भरल्या पोटासारखं फुगलं. टाके टर्रकन उसवले आणि ज्वारी धो धो जमिनीवर आली. टॅक्सीवाल्यानं पेटी उलटी केली. मागच्या फळीत ताटलीएवढं भोक! नजरेला दिसू नये म्हणून वर पातळ कापड शिवलेलं. त्यातून हवा जाते, नजर जात नाही. मागे हवेची उशीच नाही, मग पडदा आपटून मरणारच.

“थांबा,” म्हणत हे पुढे आले. टेबलावरून जमिनीपर्यंत सोडलेली मखमल त्यांनी बाजूला ओढली. खाली दोन अँप्लिफायर. कवचाच्या नेहमीच्या पेटीचा फिल्टर चालू, दुसरीचा बंद. “हा फास म्हणे!” हे नादगुरूला म्हणाले. “मग स्वतःच्या लाडक्या पेटीच्या गळ्यात का घातलात, महाराज?”

लोक हसले ते पोट धरून. कुणी तरी कवच टाचेखाली फोडलं. आत लाख, आणि लाखेत एक गंजका नट. टॅक्सीवाला म्हणाला, “बघा, प्राण सापडला!”

मी मात्र उसवलेले टाके बघत होते. ती टीप ओळखीची होती. सासूबाईंनी आम्हा दोघींना एकाच मशीनवर शिकवलेली.

जाऊ माझ्याजवळ आली. मॅडम नव्हती ती आता. “महाराज म्हणाले, हवा खेळायला भोक ठेवलंय, कापड लावा. मी काही विचारलं नाही, वहिनी.”

“का नाही विचारलंस?”

“तुम्ही समोरून बघत होतात ना रोज. मला वाटलं, एकदा तरी तुमच्यापेक्षा पुढे असावं. तुम्हाला करवत येते, माप येतं. मला नुसतं बोलता येतं.”

म्हणजे समोरच्या खुर्चीतूनही कुणी माझ्याकडे बघून जळत होतं! मी खाली बसून ज्वारी गोळा करू लागले. थोड्या वेळानं तीही बसली.

नादगुरू त्या गर्दीतूनच पसार झाला. पुढे ऐकलं, दुसऱ्या गावी तो गुडघेदुखीचे पट्टे विकतो. दिरानं दुकानाची पाटी उतरवली आणि आमच्याकडे आला. दोघा भावांनी तो धंदा पुढे पंधरा वर्षं एकत्र केला. टॅक्सीवाल्यानं नवी पेटी करून घेतली आणि त्याची टॅक्सी जाईल तिथल्या खिडक्या हलवत राहिला. आता नातवंडांकडून आवाज कमी करायचा ओरडा खातो. हे जाऊन सहा वर्षं झाली. भिंतीवरचं वाक्य कुणी पुसलं नाही. जाऊ पेट्या करायला शिकली, माझ्याहून चांगल्या करते. हे लिहिताना अजून थोडं टोचतं.

आणि त्या बांगड्या. एका दुपारी दोघींनी सोनाराच्या काट्यावर घातल्या. गुंजभराचाही फरक नव्हता. एकदा माझा मत्सर खरा निघाला, एकदा साफ खोटा, आणि दोन्ही वेळा आतून अगदी सारखाच वाटत होता. म्हणून सांगते. आपल्या मनात काय घुमतंय, भक्ती की द्वेष, त्यावरून काही ठरवू नका. कुणी चमत्कार दाखवला तर त्याला एवढंच म्हणा: पेट्या बदला, आणि आम्हाला मोजू द्या. खरं असेल तर मोजल्यानं कमी होणार नाही. आणि भोक असेल, तर ज्वारी कुणी का ओतेना, खाली पडणारच.