खोक्याच्या तळाशी

मी एक जुनी ठशाची पेटी आहे. मित्रांनो, बोटभर काच, एक हिरवा दिवा नि एक लाल, एवढाच माझा संसार. मतदाराने काचेवर बोट टेकवायचे. नोंदीतला ठसा जुळला की मी हिरवा दिवा लावायचा, नाहीतर लाल. आता गोदामात पडून असते. वेळच वेळ आहे, म्हणून स्वतःलाच दोष देत बसते.

मला घडवणाऱ्यांनी फार आशेने घडवले. तेव्हा दुसऱ्याच्या नावावर मत टाकून जाणाऱ्यांचा सुळसुळाट होता. पहिल्याच निवडणुकीत, सकाळच्या तासाभरात मी तसे चौघे पकडले. मतदान एका शाळेत होते आणि केंद्रप्रमुख म्हणजे त्याच शाळेतल्या बाई. त्यांनी माझे कौतुक केले आणि मी चांगलीच चढून गेले.

मग धुणीभांडी करणाऱ्या मावशी आल्या. मागच्या खेपेला त्यांचे मत भलतीच कुणी देऊन गेली होती. आता पेटी आहे, कुणाची बिशाद नाही, असे त्या रांगेत सगळ्यांना सांगत होत्या. माझ्याच भरवशावर आल्या होत्या बिचाऱ्या.

त्यांनी अंगठा टेकवला. लाल. हात पुसून पुन्हा टेकवला. लाल. बाईंनी दहाही बोटे लावून पाहिली. साबणाने आणि घासणीने रेघा पार झिजल्या होत्या. मला काही दिसेना.

बाई हळूच म्हणाल्या, "मावशी, मी ओळखते तुम्हाला. तुमची लेक माझ्या वर्गात होती. पण पेटी नाही म्हणतेय."

"मग मी कोण आहे, बाई?"

बाई पुन्हा यादीत पाहू लागल्या. मावशी परत गेल्या. त्यांच्यामागचा गवंडीही तसाच गेला.

मतदान संपल्यावर मला खोक्यात ठेवताना बाईंनी तळाचा स्पंज सरळ केला. त्याखाली कोऱ्या अर्जांचा गठ्ठा होता. वर छापले होते, ठसा न जुळल्यास ओळखीच्या दोघांच्या सह्या घेऊन मत देऊ द्यावे. प्रशिक्षणात साहेबांनी दिवे शिकवले होते, खोका शिकवला नव्हता. बाईंनी तो मजकूर मुलांच्या बाकावर बसून दोनदा वाचला. वर मात्र अहवाल गेला, एकही खोटे मत नाही. माझा सत्कारच काय तो व्हायचा राहिला.

पुढच्या निवडणुकीला बाईंनी ते अर्ज आधी काढून टेबलावर ठेवले. दिवसभर त्यांचे लक्ष दाराकडे होते. शेवटी मावशींच्या शेजारणीलाच त्यांनी विचारले. ती म्हणाली, "नाही येत म्हणाली. एकदा विचारून आले, म्हणे, मी कोण ते, पण कुणी सांगितलं नाही."

मित्रांनो, आता माझ्याहून चलाख पेटी आली आहे. तिची काच पुसत जा, तिला जपा. पण आधी तिचा खोका तळापर्यंत उपसा, आणि लाल दिवा लागला तर समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघा. मला ते जमले नाही. मावशी पुन्हा कधी आल्या नाहीत. त्यांच्या नावावर दुसऱ्या कुणीही मत टाकले नाही. यादीत त्यांच्या नावापुढची जागा दर वेळी कोरी राहिली, आणि अहवालात ती माझ्या यशात धरली गेली.